पत्र्याला हात लावताना

आमच्या कमठाण्यात खंडेनवमीला कोयते, कुऱ्हाडी, नांगराचे फाळ यांच्या जोडीने सायकली, ट्रॅक्टर आणि मोटारीही धुऊनपुसून पूजेला मांडतात. बीदरपासून दहा-बारा किलोमीटरांवरचे हे गाव. घरात मराठी, बाजारात कानडी आणि गॅरेजात दखनी, अशा तीन बोलींत आमचा दिवस जातो. त्या वर्षी वहिनींनी एकच इच्छा बोलून दाखविली होती. थोरल्या भावाची जुनी पद्मिनी मोटार यंदाच्या पूजेला अंगणात उभी राहावी, एवढीच ती इच्छा. भाऊ गेल्यापासून ती गाडी गोठ्याशेजारच्या शेडमध्ये कडब्याच्या पेंढ्यांशी अंग घासत उभी होती.

पुतण्या हैदराबादेस नोकरीला. त्याने मनावर घेतले. पावसाळाभर दर शनिवारी येऊन त्याने कार्बुरेटर उघडून साफ केला, क्लचप्लेट बदलली, ब्रेकचे सिलिंडर नवे घातले, सगळी वायर पुन्हा ओढली. भाद्रपदात एका संध्याकाळी इंजिनाने चार उचक्या दिल्या आणि ते सुरू झाले. वहिनी पदराने डोळे टिपत आत गेल्या. तथापि डाव्या मडगार्डावरचा वीतभर रुंदीचा पोचा आणि त्याच बाजूच्या दाराच्या खालच्या कडेला लागलेला गंज यांना मात्र त्याने बोटही लावले नव्हते. दसऱ्याला तीन आठवडे उरले, तरी तो त्या बाजूला फिरकेना.

मी विचारले, "अरे, सगळे इंजिन खोलून पुन्हा जुळवलेस. हा तर नुसता पत्रा. एवढे काय अवघड आहे त्यात?"

तो हसला, पण ओशाळून. म्हणाला, "काका, इंजिन बिघडवलं तर ते मला एकट्याला कळतं. पत्रा बिघडवला तर अख्ख्या गावाला कळतं."

हे वाक्य माझ्या मनात घर करून राहिले. मोटारींचा छंद असणारी माणसे थोडीथोडकी नाहीत. स्वतःच्या हाताने तेल बदलणारे, ब्रेक दुरुस्त करणारे, प्रसंगी सगळे इंजिन टेबलावर मांडून बसणारे हौशी लोक आपल्याकडे आहेत, युरोप-अमेरिकेत तर पुष्कळच आहेत. पण यांतले बहुतेक जण बाहेरच्या पत्र्याशी आले की थबकतात. आपल्याकडे ज्याला 'डेंटिंग-पेंटिंग' म्हणतात ते काम दुसऱ्याच्या हवाली करून मोकळे होतात. असे का व्हावे, याचा शोध घेण्याच्या नादात मी त्या तीन आठवड्यांत बरेच पाहिले, बरेच विचारले. त्यातून जे उमगले ते वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू.

गाडीविषयी थोडेसे

पद्मिनी आता कारखान्यात बनत नाही, हे प्रथम ध्यानात घ्यावयास हवे. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यातून इटलीच्या फियाट कंपनीच्या ११०० जातीच्या गाड्या बाहेर पडू लागल्या आणि १९७०च्या दशकात त्याच गाडीला 'पद्मिनी' हे नाव मिळाले. २००० सालच्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींतील शेवटच्या पद्मिनीही ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून निवृत्त झाल्या.

आजच्या नव्या गाडीचे मडगार्ड चेपले तर गॅरेजवाला ते काढून नवे बसवितो. पद्मिनीसारख्या गाडीला ती सोय जवळजवळ उरलेली नाही. जो पत्रा आहे तोच ठोकून सरळ करणे भाग. आणि हातोडीने पत्रा सरळ करणारे जुने कारागीर दिवसेंदिवस कमी होत आहेत, कारण नव्या गाड्यांना त्यांची गरज उरलेली नाही. तेव्हा हौशी माणसाने हे काम शिकावे की न शिकावे, हा प्रश्न केवळ हौसेपुरता राहत नाही.

जिथे अंक नाहीत

इंजिनाचे काम अंकांवर चालते. प्लगमधील फट किती असावी, टॅपेटमध्ये किती जागा ठेवावी, कोणता नट किती जोराने आवळावा, हे सारे पुस्तकात छापलेले असते. फट मोजायला पात्यांचे माप असते. पाते बसले की काम झाले. बसले नाही तर पुन्हा करावे. शिवाय आवळलेला नट सैल करता येतो, चुकून उलटे बसविलेले गॅस्केट काढता येते. शिकलेल्या माणसाला असे काम भावते, कारण ते परीक्षेसारखे आहे. उत्तर बरोबर की चूक, हे लगेच कळते.

पत्र्याच्या कामाला असे पुस्तक नाही. मडगार्डाचा गोलवा किती असावा याचा आकडा कुठेही छापलेला नसतो. 'सपाट झाले', 'जुळले', 'गुळगुळीत झाले' हे शब्द आहेत, मापे नव्हेत. कोठे थांबावे हे सांगणारे कोणी नाही. एक घाव कमी पडला तर खड्डा राहतो, एक जास्त पडला तर उंचवटा येतो, आणि मारलेला घाव परत घेता येत नाही. ज्याचे सारे शिक्षण बरोबर उत्तरावर झाले आहे, त्याला असे उत्तर नसलेले काम धास्तावून सोडते, यात नवल ते काय?

हल्ली हे काम दाखविणाऱ्या चित्रफिती मोबाईलवर मुबलक आहेत. पुतण्याने त्याही पाहिल्या होत्या. पण तीन दिवसांची मेहनत दहा मिनिटांत दाखविली की पाहणाऱ्याला दोनच गोष्टी वाटतात. आधी वाटते, हे फारच सोपे आहे. आणि पहिल्या अर्ध्या तासातच हात फसला की वाटते, आपल्यातच काही कमी आहे. ही दुसरी समजूत अधिक घातक.

धातूचा स्वभाव

दुसरे कारण पत्र्याच्या अंगच्या गुणात आहे. मोटारीचा पत्रा जाडीने मिलिमीटरभर किंवा त्याहूनही कमीच. त्याला वाकविले की तो वाकलेल्या जागी अधिक ताठ होतो. तार दोन-चार वेळा एकाच ठिकाणी वाकवून पाहावी, म्हणजे हे कळते. ती त्या जागी आधी कडक होते आणि मग तुटते. म्हणून पोचा पडतो तेव्हा त्याच्या कडेची घडी हीच सर्वांत कठीण झालेली असते, मधला खोलगट भाग पुष्कळदा नुसता ओढला गेलेला असतो. नवशिका नेमका मधल्या खड्ड्यावर आतून हातोडी हाणतो. जाणता कारागीर आधी कडेची घडी हलक्या हाताने सैल करतो. अपघातात जे शेवटी वाकले ते आधी सोडवायचे आणि जे प्रथम वाकले ते शेवटी, असा त्याचा क्रम असतो.

याहून मोठी चूक म्हणजे पत्रा ताणला जाणे. पत्र्याखाली हातात धरायची लोखंडी ठोकळी ठेवून तिच्यावर वरून जोराने ठोकत राहिले, की मधला पत्रा पातळ होऊन पसरतो. पसरलेल्या पत्र्याला मावायला जागा नसते. मग तो तेलाच्या डब्याच्या तळासारखा टप् टप् आत-बाहेर करू लागतो. जितके ठोकावे तितका तो अधिक पसरतो. यावर उपाय आहे. नाण्याएवढी जागा तापवून लाल करायची, हलकेच ठोकायची आणि ओल्या फडक्याने निववायची, म्हणजे तेवढा पत्रा आक्रसतो. पण हा उपाय करतानाही जास्त तापले तर सगळाच भाग वेडावाकडा होतो.

हे ज्ञान मराठी माणसाला परके नाही. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत पिढ्यान् पिढ्या हेच चालत आले आहे. तांब्याचा पत्रा ठोकला की ताठ होतो, म्हणून तांबट तो मधूनमधून तापवून मऊ करतो, पुन्हा ठोकतो, आणि अखेरीस शेजारीशेजारी सारख्या जोराचे घाव घालून भांड्याचे अंग घट्ट व चकचकीत करतो. या शेवटच्या कामाला मराठीत 'मठारणे' असा नेमका शब्द आहे. मोटारीचा पत्रा सारखा करणे हे मठारण्याचेच भावंड होय. फरक इतकाच की हंड्यावर मठारल्याच्या खुणा शोभून दिसतात. मोटारीवर त्यांतली एकही दिसून चालत नाही.

रंग म्हणजे आरसा

कारण रंग सारे उघडे पाडतो. गाडीवरच्या रंगाच्या सर्व थरांची मिळून जाडी एक दशांश मिलिमीटरच्या आसपास असते. एवढासा थर खाचखळगे झाकीत नाही. उलट त्याच्या चकाकीत समोरच्या खांबाचे प्रतिबिंब पडते आणि पत्रा जरा जरी हेलकावला असला तरी तो खांब सापासारखा वाकडा दिसतो. राखाडी प्रायमरवर जे काम निर्दोष भासले, ते रंग चढताच लाज आणते.

पत्र्यातील उरलेसुरले खळगे लांबीने भरतात. पूर्वी शिसे व कथील यांचा मिश्रधातू वितळवून भरीत. आता दोन द्रव्ये एकत्र कालवून लावायची लांबी मिळते. ती दहा-पंधरा मिनिटांत घट्ट होते, उन्हाळ्यात त्याहूनही लवकर. नवशिका भांडेभर लांबी कालवितो आणि अर्धी लावून होईतो उरलेली दगड होऊन बसते. दोन-तीन मिलिमीटरांहून जाड थर देऊ नये, असा नियम आहे. तो मोडून पोचाच्या पोचा लांबीने बुजविला तर काही महिन्यांनी तडा जातो. आणि खालचा गंज न काढता वर लांबी फासली तर एक-दोन पावसाळ्यांत फोड येऊन सारे उकलते. आमच्या भागातील तांबडी माती जांभ्या दगडाची. तिचा तांबडेपणा लोखंडाच्या गंजाचाच आहे. लोखंड आणि पाणी यांचे सख्य किती जुने आहे, हे रोज पायांखाली दिसत असूनही आपण पत्र्यावरचा गंज झाकून टाकू पाहतो.

रंगाचाही इतिहास आहे. मोटारींच्या आरंभीच्या काळात व्हार्निशाच्या रंगाचे काम आठवडेच्या आठवडे चाले. १९२०च्या दशकात अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीने झटपट वाळणारा 'ड्यूको' रंग आणला आणि हे सारे पालटले. त्याचे नाव आपल्याकडे इतके रुजले की पुष्कळ जुने रंगारी अशा कोणत्याही रंगाला 'ड्यूको' म्हणत. हा जुन्या पद्धतीचा रंग नवशिक्याला क्षमा करणारा आहे. थिनरने तो पुन्हा विरघळतो, ओघळ आला तर घासून पुन्हा मारता येतो. पण दमट हवेत तो पांढुरका पडतो, कारण थिनर उडून जाताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतील ओल त्यावर जमते.

जी भीती बाळगलीच पाहिजे

येथवर जी भीती सांगितली ती फजितीची. पण या कामात खरी भीतीही आहे आणि तिला कमी लेखणे योग्य नव्हे.

पद्मिनीसारख्या गाडीला वेगळा सांगाडा नसतो. पत्र्याचे कवच हाच तिचा सांगाडा. दाराखालचा उंबरठा गंजून पोकळ झाला तर गाडीची ताकदच जाते. तिथे लांबी भरून रंग देणे ही स्वतःची आणि इतरांचीही फसवणूक आहे. तिथला सडका भाग कापून नवा पत्रा जोडावा लागतो, आणि जोडणाराही जाणता हवा.

वेल्डिंगची ठिणगी पेट्रोलच्या टाकीजवळ उडाली तर काय होईल हे सांगावयास नको. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी अधिक धोक्याची, कारण तिच्यात वाफ कोंडलेली असते, हे मात्र पुष्कळांस ठाऊक नसते. आजकाल जो दोन द्रव्यांचा टिकाऊ रंग मारतात, त्याच्या कठीण करणाऱ्या द्रव्यात आयसोसायनेट नावाची रसायने असतात. त्यांचे तुषार श्वासातून गेल्यास कायमचा दमा जडू शकतो. तोंडाला रुमाल बांधून ते अडत नाहीत. त्यासाठी बाहेरून शुद्ध हवा पुरविणारा मुखवटा लागतो. असा रंग घरच्या शेडमध्ये मारू नये, हेच बरे.

म्हणजे भीती दोन प्रकारची झाली. एक हसे होण्याची, दुसरी इजा होण्याची. नवशिक्याच्या मनात या दोन्ही एकमेकींत मिसळून जातात आणि तो एकतर सगळेच टाळतो किंवा सगळेच करू धजतो. त्या निराळ्या करणे हे शिक्षणाचे पहिले पाऊल.

आपल्या घरांतील एक उणीव

आणखी एक कारण मला टाळता येत नाही, मग ते कोणाला बोचले तरी बोचो. १९५६च्या राज्यपुनर्रचनेनंतर आपल्यापैकी अनेक कुटुंबे जिथल्या तिथे राहिली आणि राज्य मात्र बदलले. परक्या भाषेच्या राज्यात टिकायचे तर शिक्षण हाच आधार, असे आपण मुलांच्या मनावर बिंबविले. शाळा, कचेरी, बँक, वकिली यांत ती पुढे गेली, हे चांगलेच झाले. परंतु या पांढरपेशा घरांत मुलाच्या हाती हातोडी आपण क्वचितच दिली. 'अभ्यास नाही केलास तर गॅरेजात जावे लागेल' हे वाक्य मीही शिक्षक म्हणून वर्गात उच्चारले आहे. आज त्याची मला लाज वाटते.

हातोडीचे ज्ञान उस्तादाकडून शागिर्दाकडे, बापाकडून लेकाकडे जाते. त्याला शाळा नाही, आणि जी आहे तिच्या दारात उभे राहण्याची आपल्याला सवय नाही. माझ्या पुतण्याला पत्र्याची जेवढी भीती वाटत होती, तेवढीच बीदरच्या गॅरेजात जाऊन 'मला शिकवा' असे म्हणण्याचीही वाटत होती, हे त्याने पुढे मला सांगितले.

बीदरला

अखेर आम्ही दोघे एका रविवारी बीदरला गेलो. डेंटरचे दुकान उघडायला अवकाश होता, म्हणून वाटेत एका बिदरीकामाच्या खोलीत डोकावलो. बिदरी ही आमच्या जिल्ह्याची शान. २००६ साली तिला भौगोलिक मानांकन लाभले आणि येथील ज्येष्ठ कारागीर शाह रशीद अहमद क़ादरी यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. जस्तात थोडे तांबे घालून भांडे ओततात, घासून गुळगुळीत करतात, त्यावर नक्षी कोरून चांदी ठोकून बसवितात, आणि शेवटी किल्ल्यातील जुन्या मातीत नवसागर घालून त्या उकळत्या द्रावात बुडविले की धातू काळा होतो आणि चांदी तशीच शुभ्र राहते.

त्या दिवशी कारागीर कोऱ्या सुरईवर मोरचुदाचे पाणी लावीत होता. भांडे तात्पुरते काळे झाले. पुतण्याने विचारले, हे कशासाठी? कारागीर म्हणाला, राखाडी धातूवर राखाडी रेघ दिसत नाही. काळ्यावर कोरले की रेघ चमकते आणि चूक तिथल्या तिथे दिसते. काम झाले की हा काळेपणा घासून काढायचा.

तासाभराने डेंटर उस्तादांकडे पोहोचलो. सत्तरीचे गृहस्थ, बोटे गाठाळलेली. पुतण्याने अडखळत आपली अडचण सांगितली. उस्तादांनी एका जुन्या दाराकडे बोट दाखवून विचारले, यात खड्डा कुठे आहे? आम्ही दोघेही वाकून, डोळे बारीक करून पाहू लागलो. ते हसले.

"आँख से नक्को देखो साहब, हाथ से देखो."

त्यांनी पातळ फडके तळव्याखाली घेतले आणि हात लांबवर सपाट फिरविला. फडक्यामुळे हात अडत नाही आणि चढ-उतार तेवढा कळतो. मग त्यांनी प्रायमरवर काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा उडविला आणि लाकडी ठोकळ्याला पॉलिशपेपर गुंडाळून घासले. उंच जागचा काळा लगेच गेला, खळग्यातला राहिला. न दिसणारा खड्डा काळ्या डागाच्या रूपाने उघडा पडला.

पुतण्या माझ्याकडे पाहू लागला, मी त्याच्याकडे. सुरईवरचे मोरचूद आणि दारावरचा हा फवारा यांत एकच शहाणपण होते. चूक शेवटी जगापुढे दिसण्याऐवजी आधी आपल्याला दिसावी, यासाठी केलेली ती तजवीज. ज्याला आपण हातगुण म्हणतो त्याचा मोठा भाग अशा तजविजींचा असतो, हे मला तेव्हा कळले.

उस्तादांनी निघताना एक चेपलेले बोनेट भंगाराच्या भावाने दिले आणि बजावले, हे पुरते खराब केल्याशिवाय मडगार्डाला हात लावायचा नाही. दाराखालचा गंजलेला भाग मात्र गाडी आणून माझ्याकडूनच जोडून घ्या, ते शिकायला वर्षे लागतात.

बिघडविण्याची मुभा

पुढचा आठवडाभर पुतण्याने रजा काढली. शेडमधून दिवसभर ठणठण ऐकू येई. पहिल्या दिवशी बोनेटचा मधला भाग डब्याच्या तळासारखा टपटपू लागला. दुसऱ्या दिवशी तापवून तो आक्रसविताना भलत्याच बाजूला वाकला. तिसऱ्या दिवशी लांबी भांड्यातच दगड झाली. परंतु एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. पहिल्या दिवशी कोणी शेडच्या दाराशी आले की तो बोनेटवर पोते टाकी. चौथ्या दिवशी शेजारच्या पोरांना बोलावून तो विचारू लागला, "सांगा बघू, खड्डा कुठे आहे?"

ज्या वस्तूचे काही मोल नाही ती बिघडली तर अब्रू जात नाही. इंजिन शिकताना चुका झाकल्या जातात म्हणून धीर येतो. पत्र्याच्या कामात चुका झाकता येत नाहीत, म्हणून तिथे बिघडविण्यासाठीच एक वस्तू लागते. हे साधे भंगार नवशिक्याला कोणी देत नाही आणि तो स्वतःही घेत नाही. तो थेट आपल्या लाडक्या गाडीवर पहिला घाव घालतो, आणि तोच बहुधा शेवटचा ठरतो.

मग मडगार्डाची पाळी आली. घडी सैल करून पोचा उठविण्यात एक दिवस गेला. लांबीचा पातळ थर, मग ८० नंबरचा पॉलिशपेपर, मग १८०, मग ३२०, मध्ये काळा फवारा, पुन्हा घासणे, यात तीन दिवस गेले. दार उस्तादांनी जोडून दिले. रंग फिकट आकाशी, बीदरच्या दुकानात जुन्या रंगाशी ताडून बनविलेला. पंक्चरवाल्याकडून कॉम्प्रेसर उसना आणला. धूळ बसावी म्हणून अंगणात घालतात तसा शेडमध्ये पाण्याचा सडा घातला. नेमके आभाळ भरून आले आणि पहिलाच हात पांढुरका पडला. पुतण्याचा चेहराही तसाच झाला. उस्तादांना फोन केला, तर ते म्हणाले, घाई नको, ऊन पडू दे, मग हळू सुकणाऱ्या थिनरचा हलका फवारा मार. दुसऱ्या दिवशी दुपारी तसे केले आणि रंग उजळला.

खंडेनवमी

पूजेच्या दिवशी गाडी अंगणात आली. बोनेटला झेंडूची माळ, चाकांखाली लिंबू. आल्यागेल्याने गाडीचे कौतुक केले. कोणाला काही दिसले नाही, किंवा दिसूनही कोणी बोलले नाही. उतरत्या उन्हात तिरपे पाहिले तर मडगार्डाच्या वळणावर एक बारीक लाट दिसे. ती पुतण्याला ठाऊक होती आणि मला.

वहिनींनी हळदकुंकू वाहिले आणि मडगार्डावरून हात फिरविला. हात एका जागी थांबला. "इथे अजून लागतंय रे हाताला," त्या म्हणाल्या.

नेमकी तीच जागा. पुतण्या चकित होऊन म्हणाला, "आई, तुला कसं कळलं? मला काळा फवारा मारल्यावर कळलं होतं."

"चाळीस वर्षं ज्वारीची भाकरी थापते आहे मी," वहिनी म्हणाल्या. "कुठे जाड, कुठे पातळ, ते हाताला कळतं. तुझ्या आजीनं पहिले सहा महिने माझ्या मोडलेल्या भाकऱ्या गाईला घातल्या. एक शब्द बोलल्या नाहीत."

मी ऐकत राहिलो. ज्याची आम्ही बीदरपर्यंत शोधाशोध केली ते शिक्षण आमच्या चुलीपाशी रोज चालू होते. भाकरीच्या जाडीचा आकडा कोठे छापलेला नाही. मोडलेली भाकरी पुन्हा सांधता येत नाही, आणि ती ताटात सगळ्यांना दिसते. तरीही घराघरांत मुली ती थापायला शिकल्या, कारण पहिल्या मोडक्या भाकऱ्या मुकाट्याने गाईला घालणारे कोणीतरी घरात होते.

पुतण्याने त्या संध्याकाळी लाट काढायची म्हणून पुन्हा पॉलिशपेपर हाती घेतला. वहिनींनी अडविले. म्हणाल्या, "आज आयुधं पूजेला बसली आहेत, आज हात लावायचा नसतो. दसरा झाला की काढ."

दसरा झाल्यावर त्याने ती काढली. एव्हाना त्या भंगार बोनेटभोवती गावातील दोन पोरे ठोकाठोक करीत बसलेली असतात. मी वर्गात जे वाक्य उच्चारीत असे, ते त्यांना सांगावयास मी आता धजणार नाही.